ख्रिस्ताचे पुनरागमन आणि त्याची वाट पाहणारे

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात शिरताना दारावरील पट्टीकडे पाहिले असता तेथे आठ आकृती ओळीने बसलेल्या चितारलेल्या दिसतात. त्यांपैकी सात हे होऊन गेलेले बुद्ध असून आठवा मैत्रेय, म्हणजे अद्याप यावयाचा बुद्ध, होय. ज्या जिल्ह्यात हे लेणे आहे, त्या आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कोणाची ना कोणाची वाट पाहणारे लोक पूर्वीपासून पुष्कळ आहेत. दिवाळीत घरच्या पुरुषांस ओवाळताना बळीचे राज्य पुन्हा येवो असे म्हणणाऱ्या बायका खेडोपाडी आढळतात. शंभल ग्रामी विष्णुयशा नामक ब्राह्मणाच्या घरी जन्म घेणाऱ्या कल्कीची कथा भागवताच्या बाराव्या स्कंधात आपण सर्वांनी ऐकलेली आहे. शहरातील मुसलमान बांधवांच्या परंपरेप्रमाणे मरियमपुत्र हजरत ईसा हे कयामतीपूर्वी दमास्कस नगरीत आकाशातून उतरावयाचे आहेत. आणि ज्यांस मुसलमान ईसा म्हणतात, त्याच येशूची वाट याच शहरातील ख्रिस्ती लोक छावणीतील ख्रिस्त चर्चमध्ये आणि आपापल्या अन्य प्रार्थनामंदिरांत पाहत असतात.

ख्रिस्ती धर्म एक आहे, तेव्हा या बाबतीत त्याच्या अनुयायांचे मतही एकच असेल, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. ख्रिस्त पुन्हा येणार यावर त्यांचे एकमत आहे. परंतु केव्हा, कसा, आणि त्याच्या येण्यापूर्वी माणसांनी काय करावयाचे, या तीन प्रश्नांवर त्यांच्यात इतके पक्ष आहेत की आपल्या वेदान्त्यांच्या द्वैताद्वैताच्या वादाची आठवण व्हावी. हा वाद निव्वळ पंडिती असता तर आम्ही त्यात वाचकांचा वेळ घेतला नसता. पण अंताविषयी माणसाचे जे मत असते, त्यावर त्याचे आजचे वागणे पुष्कळ अंशी ठरते. आणि या निरनिराळ्या मतांनी आपल्या महाराष्ट्रात निरनिराळी कामे उभी केली आहेत. ती मते कोणती आणि ती कामे कोणती, हे सांगण्याचा येथे विचार आहे. धर्मांतराविषयी आपल्या घराघरांत ज्या भावना होत्या व आहेत, त्यांची चर्चा या लेखाचा विषय नाही.

प्रथम सर्वमान्य भाग पाहू. नव्या करारातील कथेप्रमाणे क्रूसावर मरण पावलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला, चाळीस दिवस शिष्यांस दिसत राहिला, आणि मग त्यांच्या डोळ्यांदेखत वर घेतला गेला. शिष्य आकाशाकडे पाहत उभे राहिले असता शुभ्र वस्त्रे ल्यालेल्या दोन पुरुषांनी त्यांस सांगितले की तो गेला तसाच परत येईल. पुढे ख्रिस्ती मंडळीने जो मतांगीकार रचला, त्यातही जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करण्यास तो येणार आहे हे कलम घातले गेले. रोमन कॅथॉलिक, अँग्लिकन, सिरियन, मेथडिस्ट, कोणीही हे कलम नाकारीत नाही. वाद पुढे आहे.

या वादाचे बीज, आम्हांस वाटते, दोन शब्दांतच दिसते. नवा करार ग्रीक भाषेत लिहिलेला आहे आणि त्यात पुनरागमनासाठी वारंवार येणारा शब्द 'परूसिया' हा होय. याचा मूळ अर्थ 'जवळ असणे', म्हणजे उपस्थिती; राजा एखाद्या नगरास भेट देण्यासाठी थाटाने येई, त्या आगमनासही हाच शब्द लावीत. संस्कृत जाणणाऱ्यास यात आणखी एक गंमत दिसेल. या शब्दाच्या उत्तरार्धात जो धातू आहे, तो आपल्या 'अस्' धातूचा सख्खा भाऊ असून आपले अस्ति, सत्, सती हे शब्द त्याच कुळातले आहेत. तेव्हा 'येणे' आणि 'असणे' हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात नांदतात. दुसरा शब्द अरामी भाषेतला, म्हणजे येशूच्या मातृभाषेतला. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अखेरीस 'मारानाथा' असा एक उद्गार आहे. मराठी कानास त्यात नाथाचे संबोधन ऐकू येते, परंतु तो निव्वळ योगायोग आहे. याचा पदच्छेद 'माराना था' असा केला तर 'आमच्या प्रभो, ये' असा अर्थ होतो. 'मारान अथा' असा केला तर 'आमचा प्रभू आला आहे' असा होतो. एक प्रार्थना आहे, दुसरे विधान आहे. तो यावयाचा आहे, की एका अर्थी आलेलाच आहे, हा जो वाद पुढे दोन हजार वर्षे चालला, त्याच्या दोन्ही बाजू एका पदच्छेदाच्या फरकात सामावलेल्या आहेत.

या प्रश्नावरील पहिली अडचण तर येशूनंतर वीसएक वर्षांतच उभी राहिली. थेस्सलनीका नगरीतील नवख्रिस्ती लोकांची अशी समजूत होती की प्रभू आता येतोच. मग आपल्यातले जे त्याच्या येण्यापूर्वी मरण पावले त्यांचे काय, असा शोक त्यांस होऊ लागला. संत पौलाने त्यांस लिहिले की मेलेले आधी उठतील आणि मग जिवंत असलेले त्यांच्यासह प्रभूस भेटण्यासाठी मेघांत उचलले जातील. त्याच मंडळीतील काही लोक कामधंदा सोडून इतरांच्या जिवावर दिवस काढू लागले होते. त्यांस दुसऱ्या पत्रात जी कानउघाडणी केली आहे तिचा भावार्थ असा की ज्याला काम नको त्याला जेवणही नको. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुनरागमनाच्या श्रद्धेवर आलेले पहिले संकट तर्काचे नव्हते. हातपाय गाळून बसलेल्या माणसांचे होते.

पुढच्या साऱ्या वादाचा आधार मात्र नव्या करारातील शेवटचे पुस्तक, प्रकटीकरण, हा आहे. त्याच्या विसाव्या अध्यायात सांगितले आहे की सैतानास एक हजार वर्षे बांधून ठेवले जाईल आणि ख्रिस्त आपल्या भक्तांसह हजार वर्षे राज्य करील. या हजार वर्षांचा अर्थ काय? येथे तीन पक्ष पडतात. पहिला म्हणतो, ख्रिस्त आधी येईल आणि मग पृथ्वीवर हजार वर्षांचे राज्य होईल. दुसरा म्हणतो, सुवार्तेच्या प्रसाराने जग हळूहळू सुधारून सुवर्णकाळ येईल आणि त्या काळाच्या अखेरीस ख्रिस्त येईल. तिसरा म्हणतो, हजार हा आकडा मोजण्यासाठी नाहीच. ख्रिस्ती मंडळीचा आरंभापासून अंतापर्यंतचा जो काळ, तोच हे राज्य होय.

आपल्याकडील शास्त्र शिकलेल्यास हा वाद अपरिचित वाटू नये. गंगेवर गौळवाडा आहे असे म्हटले म्हणजे तो पाण्यावर तरंगतो असे कोणी समजत नाही. तीरावर आहे असा लक्ष्यार्थ घेतो. पुरुषसूक्तात पुरुषाची सहस्र मस्तके सांगितली आहेत, ती कोणत्याही भाष्यकाराने मोजावयास घेतली नाहीत. सहस्र म्हणजे अगणित असेच त्यांनी म्हटले. ख्रिस्ती मीमांसकांतही वाच्यार्थ धरणारे आणि लक्ष्यार्थ धरणारे असे दोन वर्ग पूर्वीपासून आहेत, आणि एकाच वचनाचे दोन अर्थ करून ते दोन मार्गांनी जातात.

लक्ष्यार्थाचा पक्ष जुन्या मंडळ्यांत प्रबळ झाला तो संत ऑगस्टीन (३५४ ते ४३०) यांच्यामुळे. 'देवाचे नगर' या आपल्या ग्रंथात त्यांनी ही हजार वर्षे म्हणजे मंडळीचा चालू काळच होय, असा अर्थ लावला. रोमन कॅथॉलिक पंथाने तो पत्करला. किंबहुना १९४४ साली रोमच्या धर्मपीठाने असा निर्णय दिला की न्यायाच्या दिवसापूर्वी ख्रिस्त दृश्य रूपाने पृथ्वीवर राज्य करील हे मत सौम्य स्वरूपातही शिकविणे सुरक्षित नाही. त्या पंथाच्या शिकवणीप्रमाणे प्रत्येक जिवाचा न्याय मरणसमयी होतोच, आणि ख्रिस्त येईल तेव्हा सर्वांचा एकत्र न्याय होईल. तारीख कोणासही ठाऊक नाही आणि ती शोधण्याचे कारणही नाही.

हे मत आपल्या भाषेच्या परिचयाचे आहे. गोव्यात राहून १६१६ साली ओवीछंदात 'ख्रिस्तपुराण' छापणारे फादर स्टीफन्स हे याच पंथाचे जेझुइट होते. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ज्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि जे २०२० साली आमच्या मराठवाड्यातच, उस्मानाबादेस, भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, तेही याच पंथाचे धर्मगुरू; २०२४ साली ते निवर्तले. आमच्या शहरात या पंथाचे स्वतंत्र धर्मप्रांत १९७७ साली झाले. कॅथॉलिकांच्या मिस्साविधीत ख्रिस्ताचे मरण, त्याचे उठणे आणि त्याचे पुन्हा येणे या तिन्ही गोष्टींचा एका दमात उच्चार सर्व भक्त करतात. नाताळापूर्वी चार रविवारांचा जो आगमनकाळ ते व अँग्लिकन पाळतात, तो बाळ येशूच्या स्वागताचा आहे असे आपण बाहेरून समजतो; वस्तुतः त्याच्या पूर्वार्धातील वाचने दुसऱ्या आगमनाविषयीची असतात. शेजारच्या घरी तारा टांगला जातो, तेव्हा त्या घरी दोन आगमनांचे स्मरण चाललेले असते.

आता दुसरा पक्ष, जग सुधारत जाऊन अखेरीस ख्रिस्त येईल असे म्हणणारा. महाराष्ट्रात प्रॉटेस्टंट मिशनची पहिली पिढी आली ती बहुतांशी याच हवेत वाढलेली होती. १८१० साली स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल हे १८१३ साली मुंबईस उतरले. त्यांनी आपले सहकारी सॅम्युएल न्यूएल यांच्यासह जगाच्या धर्मांतराविषयी एक पुस्तिका लिहिली. ती १८१८ साली अमेरिकेत छापली गेली. पृथ्वीवरील साठ कोटी अख्रिस्ती लोकांचा ख्रिस्ती मंडळ्यांवर हक्क आहे, आणि पुरेसे प्रचारक पाठविल्यास हे काम माणसांच्या हातून होण्यासारखे आहे, असा तिचा सूर होता. ज्यांस काम पिढ्यान्‌पिढ्या चालावयाचे आहे असे वाटते, ते टिकाऊ गोष्टी बांधतात. १८३१ साली या मिशनने अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, ठाणे घातले आणि शाळा, छापखाने, दवाखाने काढले. तेथील मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले यांस स्फूर्ती झाली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली, हे सर्वश्रुत आहे. मिशनच्या त्याच भूमीवर पुढे १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज स्थापिले. आमच्या बाजूस जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री, जे १८४३ साली ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ होते, त्यांनी निजामाच्या मुलखात जमीन मिळवून बेथेल नावाचे ख्रिस्ती गावच वसविले. खुद्द औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने रतनजी नवरोजी हे ख्रिस्ती झालेले पारशी गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काम करीत होते.

या ठिकाणी एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्वतः ख्रिस्ती न झालेल्या जोतीरावांनी १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त येशूस बळीराजाच्या मालिकेत बसविले. ज्या समाजास बळीचे राज्य परत यावयास हवे होते, त्यास येशूच्या राज्याची भाषा कशी समजली हे यावरून दिसते. आपल्यास तो ग्रंथ रुचो वा न रुचो, राज्य परत येण्याची आशा ही दुबळ्यांच्या मनात किती खोल असते, हे त्याने दाखविले यात शंका नाही.

परंतु जग सुधारतच जाईल हा विश्वास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ढळू लागला आणि १९१४ च्या महायुद्धाने त्याचा कणा मोडला. तोवर पहिला पक्ष पुढे आला होता. या पक्षास जुना इतिहास आहे. पहिल्या शतकांतील काही धर्माचार्य हजार वर्षांचे राज्य अक्षरशः खरे मानीत. पण त्यास नवे रूप दिले ते जॉन नेल्सन डार्बी (१८०० ते १८८२) या आयर्लंडमधील अँग्लिकन धर्मगुरूने, ज्याने पुढे तो पंथ सोडला. त्याच्या मते आगमनाचे दोन टप्पे आहेत. प्रथम खरे भक्त एकाएकी उचलले जातील. मग सात वर्षे पृथ्वीवर महासंकट येईल. आणि त्यानंतर ख्रिस्त सर्वांसमक्ष येऊन हजार वर्षे राज्य करील. १९०९ साली स्कोफील्ड नामक अमेरिकन गृहस्थाने याच मताच्या टीपा घालून बायबल छापले आणि हे मत घरोघर गेले. याच पक्षातील दुसरे लोक मात्र दोन टप्पे मानीत नाहीत. भक्तांनाही संकटातून जावेच लागेल, आणि आगमन एकदाच होईल, असे ते म्हणतात.

या मताचा कामावर होणारा परिणाम उघड आहे. गावास पूर आला असता भिंती रंगवीत बसण्यात अर्थ नसतो. आधी माणसे बाहेर काढावयाची असतात. मराठवाड्यास लागून असलेल्या वऱ्हाडात व खानदेशात ज्या अलायन्स मिशनने अकोला, अमरावती, खामगाव, बुलढाणा या भागांत काम केले, तिचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन ख्रिस्ताची चार रूपे सांगत: उद्धारक, पवित्र करणारा, आरोग्य देणारा आणि येणारा राजा. राज्याची सुवार्ता सर्व राष्ट्रांत गाजली म्हणजे शेवट होईल, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. त्यावरून सिम्प्सन यांनी असा सिद्धान्त काढला की जेथे अद्याप कोणी गेला नाही तेथे लवकर जाणे म्हणजे राजाचे येणे जवळ आणणे होय. त्यांच्या माणसांस कॉलेजे बांधण्यापेक्षा गावोगाव पायी फिरण्याची घाई का होती, याचे उत्तर या मतात आहे.

तथापि या हिशेबास एक मोठा अपवाद महाराष्ट्रातच आहे, आणि तो पंडिता रमाबाईंचा आहे. ज्या विदुषीस १८७८ साली कलकत्त्यात सरस्वती ही पदवी मिळाली आणि जिने १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तिचे चरित्र वाचकांस ठाऊक आहे. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांनी मुक्तिसदन वसविले आणि १८९७ च्या व १९०० च्या दुष्काळांतील निराधार मुली व स्त्रिया तेथे आणल्या. एके काळी त्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. जून १९०५ मध्ये तेथील मुलींत प्रार्थनेची मोठी लाट उसळली. अंतापूर्वी पवित्र आत्म्याची वृष्टी होईल, जसा पेरणीचा पाऊस पडतो आणि पुढे पीक पिकविणारा पडतो तसा, अशी जी कल्पना योएल संदेष्ट्याच्या पुस्तकावरून त्या काळी जगभर बोलली जात होती, तिचे प्रत्यक्ष रूप आपण पाहत आहो असे तेथील मंडळींस वाटले. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी १९०६ साली याविषयी लिहिलेले पुस्तक दक्षिण अमेरिकेतील चिली देशातील त्यांच्या एका शाळासोबतिणीच्या घरी पोहोचले आणि १९०९ साली तेथे जी पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली तिला ते कारण झाले. केडगावच्या माळावरील गोष्ट समुद्रापलीकडे कोठवर गेली हे यावरून दिसेल.

आता प्रभू आज-उद्या येणार असे ज्यांस वाटते, त्यांनी काय करावे? केडगावात विहिरी खोदल्या गेल्या, फळझाडे लागली, माग व छापखाना चालू झाला, आंधळ्या मुलींस बोटांनी वाचावयास शिकविले गेले. आणि रमाबाईंनी स्वतः हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचा मराठी अनुवाद हाती घेतला, जो त्यांनी ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवण्यापूर्वी पुरा केला. आदल्या वर्षी एकुलती एक कन्या मनोरमा हिचा वियोग झाला होता, तरी काम थांबले नाही. संस्कृतात वाढलेल्या या बाईने अनुवादाची भाषा मुद्दाम साधी ठेवली. खेड्यातील बाईस ती समजावी हा हेतू. जग संपावयास आले असे मानणाऱ्याने फळझाड लावावे यात तर्कदृष्ट्या विसंगती दिसेल. आम्हांस मात्र त्यात पौलाच्या त्या जुन्या पत्राचे खरे पालन दिसते.

याच्या उलट ज्यांनी तारखा दिल्या, त्यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतील विल्यम मिलर या शेतकऱ्याने दानीएलाच्या पुस्तकातील २३०० दिवस म्हणजे तितकी वर्षे असे धरून, इसवी सनापूर्वी ४५७ पासून गणित मांडले. त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ठरविला. काहींनी शेतातील पीक काढले नाही. ज्याची गरज राहणार नाही ते काढावयाचे कशाला? दिवस उजाडला आणि मावळला. त्या निराशेतून जे सावरले, त्यांतील एका गटाने असे सांगितले की गणित बरोबर होते, घटना चुकीची समजली गेली. त्या दिवशी ख्रिस्ताने स्वर्गातील मंदिरात न्यायाचे काम आरंभिले. हाच पुढे १८६३ साली संघटित झालेला सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट पंथ होय. शनिवारी शब्बाथ पाळणाऱ्या या पंथाची १९१५ साली कोइंबतूरास निघालेली स्पायसर ही शिक्षणसंस्था पुढे पुण्यास आली व आज तेथेच आहे. मात्र एक तारीख हुकल्यावर या पंथाने पुन्हा तारीख दिली नाही. आगमन जवळ आहे एवढेच तो सांगतो, आणि शाळा व रुग्णालये चालवितो.

'टेहळणी बुरूज' हे मासिक मराठीतूनही काढणारे यहोवाचे साक्षीदार यांचे मत आणखी वेगळे. ते परूसिया या शब्दाचा 'उपस्थिती' हाच अर्थ धरतात आणि म्हणतात की ही उपस्थिती १९१४ साली अदृश्य रूपाने सुरू झाली. त्यांच्यात १९२५ साली व पुढे १९७५ साली मोठ्या अपेक्षा निर्माण झाल्या आणि ती वर्षे इतर वर्षांसारखीच गेली. इतर ख्रिस्ती पंथ या मंडळींस आपल्यात धरीत नाहीत, कारण त्रैक्याचे तत्त्व ते मानीत नाहीत. परंतु एका शब्दाच्या अर्थावर किती मोठी इमारत उभी राहते, याचे हे चांगले उदाहरण आहे. तारखा देणाऱ्यांस नव्या करारातच उत्तर आहे: तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणास ठाऊक नाही, पुत्रासही नाही, असे येशू म्हणतो. आपल्या गुरूस जे ठाऊक नव्हते ते शिष्यांनी गणिताने काढावे, हे नवलच.

राहिला तो 'आला आहे' असा पदच्छेद करणाऱ्यांचा पक्ष. काही विद्वान म्हणतात की येशूने ज्या विनाशाची भविष्ये केली ती इसवी सन ७० मध्ये रोमन सेनापती टायटस याने यरुशलेमचे मंदिर पाडले तेव्हाच पुरी झाली. सी. एच. डॉड या वेल्श पंडिताने १९३५ साली असे प्रतिपादिले की येशूच्या दृष्टान्तांतील देवाचे राज्य भविष्यातील नसून त्याच्या येण्याबरोबरच ते आलेले होते. पुस्तकी विद्वानांच्या या मताशी मिळतीजुळती वृत्ती आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या अखेरच्या काळात दिसते. १९१७ साली त्यांनी मिशनचा संबंध सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' आरंभिला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांसही जागा ठेविली. दरबार हा राजा आल्यावर भरतो. १९१९ साली टिळक वारले आणि तो दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. परंतु राजा यावयाचा आहे म्हणून वेशीबाहेर उभे राहण्यापेक्षा तो आहे असे समजून आत बैठक घालावी, हा त्यातील भाव विसरण्यासारखा नाही.

इतक्या मतांचे लोक एकत्र नांदतात कसे, असे कोणी विचारील. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट वगैरे मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. अमेरिकन मराठी मिशनचे, स्कॉटिश मिशनचे आणि चर्च मिशनरी सोसायटीचे वारस तीत आले. हजार वर्षांचा अर्थ काय याचा निकाल लावून ते एक झाले नाहीत. तो प्रश्न ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडून, तो येईल एवढ्या कलमावर एक झाले.

आता आपल्या घरच्या समजुतीशी थोडी तुलना करू. कलियुगाची वर्षे ४,३२,००० असून त्यातील पाच हजारांहून थोडी अधिक सरली आहेत. तेव्हा कल्कीस अद्याप सव्वाचार लक्षांहून अधिक वर्षे अवकाश आहे, आणि त्यानंतरही पुन्हा कृतयुग, पुन्हा तेच चक्र. म्हणून कल्कीसाठी कोणी रात्र जागवीत नाही. ख्रिस्ती कालगणनेत चक्र नाही. आरंभ एक, अंत एक, आणि तो अंत आज रात्रीही येऊ शकेल. दोन हजार वर्षे उशीर का झाला, यास त्यांच्याकडे पेत्राच्या पत्रातील उत्तर आहे की देवास एक दिवस हजार वर्षांसारखा वाटतो. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे हजार चतुर्युगे हे आपण बाळपणापासून ऐकत आलो, तेव्हा हे उत्तर आपल्याला अपरिचित नाही. फरक इतकाच की काळाची ही विशालता ऐकून आपण निश्चिंत होतो. त्यांस मात्र ती ऐकूनही सावध राहावयास सांगितलेले आहे.

या दोन्ही वृत्तींत धोका आहे असे आम्हांस वाटते. अंत फार दूर आहे असे मानणारा आजचे काम उद्यावर टाकतो. अंत दारात आहे असे मानणारा आजचे काम व्यर्थ समजतो. पीक न काढणारा मिलरचा अनुयायी आणि कलियुग आहे, असेच चालावयाचे, असे म्हणून समोरचा अन्याय पाहत बसणारा आपल्यातला गृहस्थ, हे दोघे परस्परांस वाटतात तितके दूरचे नाहीत. दोघांनीही काळावर भार टाकून हात मोकळे करून घेतले.

म्हणून कोणाचे मत खरे याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नसला, तरी मत कसे धरले आहे हे पाहण्याची एक कसोटी आहे, आणि ती ख्रिस्ती व हिंदू दोघांसही लागू पडते. ज्या श्रद्धेने अहमदनगरास मुलींची शाळा निघाली, केडगावात विहीर खोदली गेली आणि साताऱ्यास सर्वांसाठी बैठक घातली गेली, ती श्रद्धा हजार वर्षांचा अर्थ कोणताही करो, तिने आपल्या शेजाऱ्यांचे काही बिघडविले नाही, उलट पुष्कळ दिले. येत्या मार्गशीर्षात, नाताळाच्या आधी, वाचकांच्या शेजारी एखादे ख्रिस्ती कुटुंब असेल तर त्यांस सहज विचारावे की तुम्ही त्याची वाट कशी पाहता. उत्तर कोणत्या पंथाचे आहे हे या लेखावरून ओळखता आले तर लेखाचे काम झाले. आणि त्या बोलण्यातून दोन घरांची ओळख वाढली तर आम्हांस अधिक संतोष होईल.